फाटकापाशी दिलेला नकार

शेजारच्या खोलीतून लॅपटॉपच्या कळांचा बारीक, एकसारखा आवाज येत होता. पत्र्यावर ज्वारी सांडावी तसा. मग तो थांबला. थोड्या वेळानं सुरू झाला आणि पुन्हा त्याच जागी थांबला. थंडी ओसरू लागलेल्या त्या सकाळी घरात दुसरा आवाज नव्हता. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून मी बसलो होतो, पण त्यातल्या अक्षरांपेक्षा ते थांबणंच मला स्पष्ट वाचता येत होतं. माझी सून वृषाली नोकरीचा अर्ज भरत होती, आणि ‘मधली सहा वर्षं काम न करण्याचं कारण’ या चौकटीशी येऊन अडली होती.

ती चौकट माझ्या फार ओळखीची आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षं माणसं निवडण्याचं काम केलं. अर्ज हाती आला की शिक्षण, अनुभव नंतर. आधी सालं एकमेकांना जुळतात का ते पाहायचं. जुळली नाहीत तर तिथं तांबड्या पेन्सिलीनं गोल. एकदा सिन्नरकडची एक बाई मुलाखतीला आली होती. मधली चार वर्षं काय केलंत, असं विचारल्यावर म्हणाली, “सासऱ्यांचं करत होते, साहेब. अंथरुणाला खिळले होते ते.” मी म्हणालो, “म्हणजे नोकरीसारखं काही नाही.” ती किंचित हसली. “नोकरीला सुट्टी असते, साहेब.” ती गेल्यावर आम्ही तिच्या त्या वाक्याला मनापासून दाद दिली, आणि अर्ज बाजूला ठेवला. दाद देणं किती स्वस्त असतं!

कुणाच्या काळाला रिकामा म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? वणीकडे धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर तिथं उभं राहवत नाही, इतक्या त्या वेली उघड्याबोडक्या दिसतात. “आता काही महिने बाग बसून,” असं मी एकदा म्हणालो, तर भाऊ हसला. “बसून कशाची, दादा? फुटव्याच्या काडीत पुढचा घड या उन्हाळ्यातच बनतो. डोळ्याला दिसत नाय, येवढंच.” ही उपमा वृषालीला ऐकवावी, तिची सहा वर्षं अशीच आतून भरत होती असं सांगावं, असं कितीदा मनात आलं. पण त्या उपमेत माझी फार सोय आहे. छाटताना वेलीला कुणी विचारत नाही. वृषालीलाही मी विचारलं नव्हतं, आणि कात्री माझ्या हातात होती.

आता सांगतोच. माझ्या पत्नीला, कुसुमला, अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी निवृत्त होतो, धडधाकट होतो, दिवसभर मोकळा होतो. मुलगा नोकरीनिमित्त चाकणला, आठवड्यातून एकदा येणारा. तरीही शुश्रूषेला माणूस हवं म्हटल्यावर सगळ्यांची नजर, माझ्यासकट, वृषालीकडेच वळली. निर्यातीच्या द्राक्षांवर औषधांचे अंश राहिलेत का, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती होती. हंगामाला परत येते असं सांगून तिनं काही महिन्यांची रजा घेतली.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी तिथल्या मोठ्या मॅडम स्वतः आल्या; हातात पहिल्या तोडणीच्या द्राक्षांची पेटी. वृषाली आत कुसुमला अंघोळ घालत होती, तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता. “काका, तिची जागा ठेवलीय. अर्धा दिवस आली तरी चालेल, म्हणावं,” मॅडम म्हणाल्या. आत वळून एक हाक मारायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, “ती आता नोकरी करणार नाही. तिनंच ठरवलंय.” मॅडमनी विश्वास ठेवला. आपल्याकडे सासऱ्यानं दारात उभं राहून सांगितलं की तो सुनेचाच शब्द. पुन्हा तिला विचारणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा अपमान! पेटी मी आत नेली आणि शेजाऱ्यांनी दिली म्हणून सांगितलं. त्या दुपारी वृषालीनं एकेक मणी सोलून कुसुमला भरवला.

प्रयोगशाळेकडून निरोप नाही, म्हणजे त्यांना आपली गरज उरली नाही, असं समजून ती भिडेपोटी गप्प राहिली. मी मात्र नामपूर-मालेगावच्या नातेवाइकांत सांगत सुटलो, “सुनेनं आपणहून नोकरी सोडली हो, लेकीसारखी!” मला भीती कसली होती? जिच्याबरोबर उभं आयुष्य काढलं तिचं अंग पुसण्याची, तिच्या वाकड्या झालेल्या ओठांशी चमचा नेण्याची. दुसरं काही नाही. गेल्या श्रावणात कुसुम गेली.

कळा तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा मी उठून वृषालीच्या खोलीत गेलो. “मी लिहून देऊ का? त्या लोकांची भाषा मला येते.”

ती हसली. “सासऱ्यांची चिठ्ठी, आप्पा? शाळेत पोट दुखलं म्हणून देतात तशी?”

मग मी सगळं सांगितलं. तिचं हसू मावळायला वेळ लागला.

“मॅडम आल्या होत्या? इथं?”

“हो.”

“आणि ती द्राक्षं...” मी क्षमा मागितली. तिनं ती दिली नाही, नाकारलीही नाही. “ते नंतर बोलू. अर्जाची मुदत आज आहे.”

यावेळी कळा थांबल्या नाहीत. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “वाचा. सासरे म्हणून नको, साहेब म्हणून.” इंग्रजीत लिहिलं होतं; अर्थ असा, की सहा वर्षं सासूबाईंची शुश्रूषा केली, त्या काळात कामावर परत बोलावणं आलं होतं, माझ्या वतीनं घरातून नकार दिला गेला, तो माझा नव्हता.

“असा अर्ज तुमच्याकडे आला असता तर?”

तिला धीर द्यावासा वाटला. पण माझ्या सोयीचं एक उत्तर तिनं सहा वर्षं भोगलं होतं. “बाजूला ठेवला असता,” मी म्हणालो. “घरात कटकट दिसते, म्हणालो असतो.”

तिनं मान हलवली, आणि एकही अक्षर न बदलता अर्ज पाठवून दिला.

उत्तर अजून आलेलं नाही. मी नातेवाइकांना एकेक फोन करून खरं काय ते सांगतो आहे. नामपूरची थोरली बहीण म्हणाली, “आता कशाला उकरतो रे? झालं गेलं गंगेला मिळालं.” कसं मिळेल? वृषालीच्या वतीनं मी एकदाच बोललो. माझ्या वतीनं तिला अजून किती परक्यांपुढे बसून उत्तर द्यावं लागेल?