ऋषीच्या बेटावर अडकलेला मास्तर

बोलण्यानं माणूस गोत्यात येतो, हे तुम्ही लय ऐकलं असेल. मी गोत्यात आलो ते गप्प बसल्यानं! हसू नका. आधी चहा घ्या, मग ऐका.

तेव्हा मी सोनपेठला शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. लग्न व्हायचं होतं. उन्हाळ्याची सुट्टी, गावात टीव्ही अजून आलेला नव्हता, आणि ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडायचा नाही. मग आम्ही तिघं शिवाप्पाच्या किराणा दुकानामागच्या खोलीत पोत्यांवर बसून सापशिडी खेळायचो.

शिवाप्पा माझा बालमित्र. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि नियमाला असा पक्का की वजनात गुळाचा खडा कमी गेला तर गिऱ्हाइकाच्या मागं खडा घेऊन पळणारा. तिसरा रज्जाकभाई शिंपी. त्याची कात्री थांबायची, जीभ नाही.

सापशिडीचा कंटाळा आला तसा मी प्लायवूडचा मोठा तुकडा घेतला आणि त्यावर अख्खी गोदावरी रंगवली. पैठणहून नाव निघायची, ती गंगाखेडवरून नांदेडला पोचवायची. वाटेत भोवरे, दरोडेखोर, जकातीचे नाके. तिघांत मिळून एकच नाव. डाव एका दुपारी संपायचा नाही. आज नाव जिथं थांबली, तिथून उद्या पुढं.

पण नुसत्या कवड्या टाकून नाव हाकण्यात काय मजा? मी म्हटलं, सोंग पाहिजे! शिवाप्पा झाला सरदार. त्यानं हुकूम सोडल्याशिवाय नाव हलायची नाही. रज्जाकभाई नावाडी. मी शाहीर. संकट आलं की जागच्या जागी चार ओळी रचून म्हणायच्या, नाहीतर संकट दुप्पट! मग काय, रोज नवा नियम. भोवऱ्यात सापडलं की तिघांनी उभं राहून वल्हवायचं. दरोडेखोर आले की सरदारानं गर्जना करायची. एकदा शिवाप्पा डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात लाकडी गज घेऊन असा ओरडला, "हाणा रे गनिमाला!" की दुकानात साबण घ्यायला आलेली बाई साबण टाकून पळाली.

आणि मग मी तो नियम काढला. रज्जाकभाईच्या बडबडीला लगाम म्हणून, खरं सांगतो! नदीत एक ऋषीचं बेट रंगवलं. ज्याच्या हातून नाव त्या बेटाला लागेल त्यानं पुढच्या बैठकीपर्यंत मौन पाळायचं. घरी, बाजारात, कुठंही. लिहून सांगायचं नाही, तेसुद्धा बोलणंच. मौन मोडलं की नाव बुडाली! सगळे परत पैठणला.

रज्जाकभाईनं विचारलं, "मास्तर, सपनात बोल्या तो?"

"तरी बुडाली!" मी ठणकावलं.

आता तुम्हीच सांगा, नाव बेटाला कुणाच्या हातून लागली असेल?

तीही कधी? नांदेड वीतभर राहिलं असताना! अख्खी सुट्टी त्या नावेत घातलेली. आणि वर रज्जाकभाई मेहुणीच्या लग्नाला सेलूला निघालेला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मैं आये तक चुप बैठो, मास्तर. बडा मजा आयेंगा!" शिवाप्पानं बजावलं, "नियम तुझाच हाय. बुडवू नकोस."

घरी आई. तिनं दोनदा हाक मारली, मी मान हलवली. तिसऱ्यांदा ती समोर येऊन उभी राहिली. "दाढ दुखायलीय का रे?" मला बरंच वाटलं. घातली मान खाली. तिनं लगेच लवंग आणून दाढेखाली दाबायला दिली. दोन दिवस मी लवंगा चघळत काढले. सगळं सुरळीत!

आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पालमहून पाहुणे उतरले. कशाला? मला बघायला! येणार होते पुढच्या आठवड्यात. पण माणिकराव म्हणाले, ऊन चढायलंय, आत्ताच उरकून घेऊ. माणिकराव म्हणजे मुलीचे वडील. सोबत त्यांची थोरली बहीण गंगूआत्या. घरात शेवटचा शब्द या आत्याचा, हे आईनं मला आधीच सांगून ठेवलेलं.

मी सतरंजीवर बसलो. माणिकराव खाकरले. "मास्तर, शाळेत काय शिकवता?"

मी हसलो. हवेत बोटानं आंबा काढून दाखवला.

"आंबे?"

आई घाईनं म्हणाली, "दाढ दुखायलीय हो त्याची!"

आत्या पुढं सरकल्या. "बघू! आमच्याकडं दाढेचं औषध हाय. आ करा."

आता काय करता? केला आ. आत्यांनी खिडकीकडं तोंड करवून आत नीट बघितलं. बैल घेताना बघतात तसं. "ह्या तर सगळ्या दाढा धडधाकट हायत!" माणिकराव बहिणीकडं बघायला लागले, बहीण माणिकरावांकडं. पोरगा मुका तर न्हाई?

आई घाबरली. मागच्या दारानं धावत जाऊन शिवाप्पाला घेऊन आली. मी डोळ्यांनी त्याला विनवलं, सोडव रे बाबा! त्यानं एकदा पाहुण्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आणि हा धर्मराज खोटंही बोलेना आणि नियमही मोडेना. गंभीरपणे म्हणाला, "त्यांचं मौन हाय."

"मौन? कुणी दिलं?"

"ऋषींनी."

"कुठले?"

"गोदावरीतल्या बेटावरचे."

झालं! माणिकराव जागेवरून उठले आणि चक्क हात जोडले. "एवढ्या कोवळ्या वयात! पण मग संसाराचं कसं? गोसाव्याला पोरगी कशी द्यावी?"

"द्यायला काय झालं?" आत्या कडाडल्या. "आपल्या घरातले पुरुष बोलून बोलून डोकं खायलेत. हे लेकरू बघ, कसं शांत बसलंय! मला पसंत हाय."

दारात शेजारणी जमल्याच होत्या. एकीनं नारळ आणून माझ्यापुढं ठेवला. दुसरी म्हणाली, "महाराज, यंदा पाऊस कसा हाय?" मी घाबरून दोन्ही हात हलवले, मला काय विचारता म्हणून. ती मागं वळून ओरडली, "दोन्ही हातांनी पडणार म्हणायलेत गं!" लगेच आणखी दोन नारळ आले.

आई पदर तोंडाला लावून उभी. तिला काही कळेना, पण स्थळ जुळायलंय एवढं दिसत होतं. मीही मनात म्हटलं, गप्प बसून बायको मिळत असेल तर वाईट काय? नावही वाचेल!

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "क्या मास्तर! अब तक चुपच हाय का? चलो, कवड्या काढो!"

रज्जाकभाई! सेलूहून थेट, खांद्यावर पिशवी, तोंडात लग्नातलं पान.

माणिकरावांचे हात सुटले. "कवड्या? जुगार खेळता व्हय?" त्यांनी पिशवी उचलली. "चल गं अक्का. ऋषी म्हणे, बेट म्हणे!"

ते उंबऱ्यापर्यंत गेले. आणि मित्रांनो, माझा बांध फुटला.

"थांबा! जुगार न्हाई! पैशाचा एक डाव न्हाई! नाव हाय आमची!" आणि जो सुटलो, तो सुटलोच. शिवाप्पाच्या दुकानातून तो पट उचलून आणला, सतरंजीवर पसरला. पैठण दाखवलं, भोवरे दाखवले, नाके समजावले. शाहिराच्या ओळी म्हणून दाखवल्या, चालीसकट. शेजारणी कंटाळून गेल्या. जाताना आपापले नारळ घेऊन गेल्या.

शिवाप्पा कोपऱ्यातून खिन्नपणे म्हणाला, "बुडाली."

पण माणिकराव? ते हळूच पटाजवळ येऊन उकिडवे बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे बेट लागायच्या आधी नाव पलीकडच्या काठाला का घेतली न्हाई?" रज्जाकभाई म्हणाला, "मैं वहीच बोल रह्या था!" जेवणं होईपर्यंत माणिकराव जकातदार झाले होते आणि आमच्या नावेकडून दोनदा जकात वसूल करून मिशीला पीळ देत होते. संध्याकाळच्या एसटीला निघताना त्यांनी मला मिठीच मारली. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी तर मनात मांडव घालून मोकळा!

पुढच्या आठवड्यात शिवाप्पा मालासाठी पालमला गेला. परत आला तो माझ्या नजरेला नजर देईना.

"काय म्हणाले रे?"

"आत्या म्हणाल्या, गप्प होता तवर पोरगा लाखात एक होता. पण एकदा बोलायला लागला की थांबतच न्हाई. असला आमच्याकडं एक हायच."

"आणि माणिकराव?"

शिवाप्पानं घसा साफ केला. "ते म्हणाले, पोरीचं आत्या बघतील तसं होईल. पण मास्तरला विचार, तसला एक पट आमाला रंगवून देईल का? म्हणे, नवा जावई येईल त्याच्यासोबत खेळायला होईल."