अप्पांची दस्ती

शिवलिंगप्पा हेडींना कुठलीही गोष्ट उघड्यावर ठरवलेली खपत नसे. हेडी म्हणजे जनावरांचे दलाल. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात. या रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. देवणीच्या बाजारात उभा जन्म हेच केल्यामुळे अप्पांच्या हाताला दस्तीशिवाय अक्कलच राहिली नव्हती. पेरू घ्यायचे तरी पेरूवालीचा हात धरून वर दस्ती टाकायचे, आणि ती बाई सुटका व्हावी म्हणून पाटी निम्म्या भावात द्यायची. एकदा डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं, तर अप्पांनी त्यावरही दस्ती टाकली, डॉक्टरांची दोन बोटं दाबली आणि म्हणाले, "इतक्याच गोळ्या घेनार. तिसरी न्हाई." हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि जे पाहिलं नाही ते याहून खरं आहे.

दस्तीखाली काय ठरलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा त्या धंद्याचा धर्म. अप्पांनी देवाधर्मात थोडी सूटसवलत घेतली असेल, यात कधी घेतली नाही. गळ्यातल्या लिंगाची पूजा चुकली तर म्हणत, "महादेव समजून घेईल. हेडी लोक न्हाई घेनार."

देवणीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात व्हॉलीबॉलची टीम होती आणि तिचे मालक, मॅनेजर, कोच सगळं अप्पाच. त्यांना खेळाचा एक नियम येत नव्हता. पण ज्याला बैल कळतो त्याला माणूस कळतो, असा त्यांचा दावा होता. ते खेळाडू निवडताना भोवती एक चक्कर मारायचे, पाठीवर थाप टाकायचे आणि दात बघायचे. माझी निवड झाली तेव्हा म्हणाले, "खांदा बरा हाय, पर चाल म्हशीची हाय. ह्याला उडायच्या कामाला लावू नका. चेंडू उचलून द्यायला ठेवा." तेव्हापासून मी जन्मभर चेंडू उचलून देणारा. मारणारा होता गफूर.

गफूर हा पिंजाऱ्याचा मुलगा. उंची इतकी, की त्याला पाऊस आमच्या आधी लागायचा. तो नेटवर उडाला की पलीकडच्या टीमला बिडी पेटवून दोन झुरके मारण्याइतका वेळ मिळायचा. खाली यायचा तेव्हा त्यांची बिडी, पॉइंट आणि अब्रू तिन्ही विझलेली असायची. जळकोटच्या सामन्यात त्यानं मारलेला चेंडू जमिनीत इतका रुतला, की तिथं पुढे लोकांनी आड खणला. अप्पा त्याला घरी दूध पाजायचे. अप्पांचा सरदार नावाचा देवणी बैल होता, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, प्रदर्शनात फेटा मिळवलेला. अप्पांच्या घरात भूक लागली तर आधी सरदार जेवायचा, मग गफूर, मग अप्पांची बायको. ती म्हणायची, "दोन बैल अन् एक म्हातारा, मी एकटी कुठवर पुरू?"

मग लातूरचा जिल्हा झाला आणि त्याच सुमाराला दुष्काळ पडला. गावची विहीर अशी कोरडी पडली, की बादली टाकली तर ती वर येऊन "माफ करा" म्हणायची. बायका कोसभर लांबून पाणी आणायच्या, गुरं छावणीवर गेली. तिकडे लातुरात मात्र लोकांना नवा जिल्हा अंगात आला होता. जिल्हा झाला म्हणजे टीमही पाहिजे, म्हणून एका तेलगिरणीच्या मालकानं क्लब काढला. स्वतःच सेक्रेटरी झाला. त्याच्याकडे तीन गोष्टी होत्या: जीप, पाण्याचे टँकर आणि उदगीरच्या सामन्यात त्याच्या पोरांनी गफूरकडून खाल्लेला मार.

तो देवणीच्या बाजारात अप्पांना गाठायला आला. गफूर आणि मी तिथंच होतो. सेक्रेटरी चारचौघांत बोलायला लागला, "अप्पा, तुमचा तो लांब पोरगा आम्हाला—"

"तोंड मिटा मालक," अप्पा म्हणाले. "हात आना इकडं."

दस्ती पडली. त्या दस्तीखाली जे झालं तसलं युद्ध मी पाहिलं नाही. पोत्यात दोन मांजरं कोंबल्यासारखी ती हलत होती. सेक्रेटरीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग शेंगदाण्याच्या पेंडीसारखा. दोनदा त्यानं हात ओढला, दोनदा अप्पांनी परत घेतला. शेवटी अप्पांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले, आणि दस्ती झटकली. "झाला सौदा."

दुसऱ्या दिवशी गावात टँकर आला आणि पाऊस पडेपर्यंत रोज येत राहिला. त्याच टँकरच्या परतीच्या फेरीत गफूर गेला. जाताना त्यानं अप्पांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच आठवड्यात सरदारचा गोठाही रिकामा झाला. अप्पा म्हणाले, "पाव्हन्याकडं चाऱ्याला धाडलाय." तेव्हा निम्म्या गावाची गुरं कुठं ना कुठं गेलेलीच होती. कुणी जास्त विचारलं नाही.

पाऊस पडला, विहीर भरली, आणि लोकांना व्हॉलीबॉल आठवलं. तहान भागलेला माणूस फार चिकित्सक होतो. आम्ही जळकोटला हरलो, उदगीरला हरलो, पार नांदेडपलीकडे अर्धापूरला जाऊन हरलो. तिथल्या लोकांनी दया येऊन आम्हाला केळीचा एक घड दिला आणि त्यातलीही निम्मी केळी कच्ची निघाली. मी चेंडू उचलून द्यायचो आणि वर मारायला कुणी नसायचं. चेंडू बिचारा वर जायचा, इकडे तिकडे बघायचा आणि माझ्याच डोक्यावर पडायचा.

तेव्हा माधव न्हाव्याच्या दुकानात जो वाद सुरू झाला तो वीस वर्षं चालला. गफूरला देऊन टाकल्याचा आपल्याला पस्तावा आहे की नाही? गाव दोन पार्ट्यांत फुटलं. पाणीवाले आणि पोरवाले. पोरवाल्यांचा पुढारी नामदेव शिंपी.

"सोनं देऊन पानी घेतलं ह्या मानसानं," नामदेव म्हणायचा. "अन् ते बी मुतून टाकलं आपुन चार म्हैन्यात."

"तू मुतलास म्हनून जित्ता हाईस," माधव वस्तरा रोखून म्हणायचा. "गफूर काय तुझ्या घागरीत शॉट मारनार होता?"

"अरं, पर एकटं पानीच घेतलं कशावरनं? दस्ती केवढा वेळ हालत होती! अप्पाचा बी हिस्सा असंल की आत."

"असंल तर असंल. दलाल हाय त्यो. फुकट हात धराया त्यो काय नवरदेव हाय?"

अर्धी दाढी झालेली माणसं उठून भांडायची आणि तशीच घरी जायची. आमच्या गावात एका गालाचे बरेच लोक दिसायचे ते यामुळे. अप्पा बाकावर बसून सगळं ऐकायचे. शेवटी कुणीतरी विचारायचंच, "अप्पा, खरं सांगा, पस्तावा होतो का न्हाई?"

ते दस्ती खांद्यावर टाकून उठायचे. "इकल्या बैलाची घंटी ऐकू नये बाबा. मानूस धंद्यातनं उठतो."

आणि हेच अप्पा लातुरात मला सापडले. मी बहिणीकडे गेलो होतो, संध्याकाळी क्लबचा सामना बघायला गेलो. गर्दीच्या मागं एक म्हातारा डोक्यावरून दस्ती ओढून नव्या नवरीसारखा बसलेला. गफूर उडाला की तो बसल्या जागी एक वीत वर उचलला जायचा. मी शेजारी जाऊन म्हणालो, "अप्पा, घंटी ऐकू येऊन राहिली का?"

ते दचकले. "सरकी बघाया आलो होतो," म्हणाले. व्हॉलीबॉलच्या मैदानात! मग हळूच म्हणाले, "पोरगं डाव्या पायावर जोर देऊन राहिलंय. गुडघा जाईल त्याचा. सांग की त्याला. माझं नाव नको घेऊ."

मी सांगायला गेलो. गफूरनं घाम पुसत विचारलं, "अप्पा भेजे क्या तेरेकू?" तो हसला, पण दात न दाखवता. "सरदार भी इधरीच है, सेक्रेटरी के खेत पे. मालूम नै था? उस बुड्ढे ने दो बैल बेचे, यार. एक चार पाँव का, एक दो पाँव का."

हे मी गावात सांगितलं असतं तर नामदेव शिंप्यानं अप्पांची वरात काढली असती. जन्मात पहिल्यांदा मी एक गोष्ट पोटात ठेवली. त्यानं मला महिनाभर अन्न पचलं नाही.

पुढच्याच हंगामात गफूरचा गुडघा गेला. क्लबनं बाकीचे जखमी खेळाडू खडे वेचावेत तसे बाजूला काढले, गफूरला मात्र तेलगिरणीत कायम ठेवलं. लंगडत गेटवर हजेरी घ्यायचा. त्यातच त्याचं लग्न झालं, मुलं झाली. तो सेक्रेटरीला देवमाणूस म्हणायचा आणि अप्पांना कसाई. गावात एकदाही आला नाही. नवा जिल्हा जुना झाला, क्लब बुडाला, सेक्रेटरी वारला. वाद तेवढा ताजा राहिला.

मग अप्पा अंथरुणाला खिळले. हाताची बोटं हळूहळू कामातून चालली होती, त्याचं त्यांना मरणापेक्षा जास्त दुःख होतं. मला म्हणाले, "गफूर येतो का बघ." मी लातूरला गेलो. गफूर म्हणाला, "बैल खुद चल के खूँटे पे आता क्या?" मी एक तास शिव्या दिल्या. त्याच्या बायकोनं अर्धा तास दिल्या, त्या जास्त लागल्या. तो उठला, आतून काहीतरी फडक्यात बांधून घेतलं आणि माझ्या आधी बसमध्ये जाऊन बसला.

अप्पांच्या खाटेशी त्यानं ते फडकं सोडलं. सरदारची पितळी घंटी. "मर गया तेरा बैल, पंधरा साल हुए," तो म्हणाला. "रोज प्रॅक्टिस के बाद उसके पास जाके बैठता था मैं. पूरे लातूर में अपने गाँव का वही एक था." मग आवाज चढला. "अब बोल. मेरा भाव क्या लिया तू?"

मी म्हणालो, "अरे, ते तिसऱ्याला सांगत नाहीत."

अप्पांनी मला गप्प केलं. "त्यो तिसरा कुठाय? त्यो माल हाय. मालाला भाव सांगाया बंदी न्हाई. पर आजवर कुन्या बैलानं इचारलं न्हाई, अन् ह्या बैलानं बी वीस वर्षं लावली." त्यांनी गफूरचा हात ओढला, वर दस्ती टाकली आणि त्याच्या कानाशी बोलत एकेक बोट दाबत गेले.

मी खाटेपासून तीन हातांवर होतो. ऐकू काही आलं नाही. फक्त सहा फुटांचा तो माणूस हळूहळू खाली बसताना दिसला.

बाहेर आल्यावर त्यानं माधवच्या दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं. मालाला बोलायलाही बंदी नव्हती. टँकर पहिल्या दोन बोटांतच ठरला होता. पुढची सगळी झटापट एकाच गोष्टीची होती: पोरगा हंगामापुरता द्यायचा नाही, पाय मोडला तरी गिरणीत जन्माची नोकरी पाहिजे. सेक्रेटरी हटेना. तो म्हणाला, बदल्यात सरदार द्या. तेव्हा अप्पांनी डोळे मिटले होते.

नामदेव शिंपी उठला आणि दाढी न करताच अप्पांच्या घराकडे चालता झाला. त्याच्या मागं आम्ही सगळे. अंगणात आमचं अर्धं गाव, निम्मे एका गालाचे. नामदेव रडकुंडीला येऊन म्हणाला, "अप्पा, मी लई बोललो. आता तरी सांगा. पस्तावा होतो का?"

अप्पांनी उशाची घंटी हातात घेतली, हलवली. कान लावून ऐकली.

"हाव," म्हणाले. "होतो की."

गफूरची मान खाली गेली.

"बैलाचा होतो," अप्पा म्हणाले. "लई गुनी बैल होता रे. हा लांबडा काय, दूध पिऊन गुडघा मोडून बसला."

सगळ्यात मोठ्यानं गफूर हसला. आठवड्यानं अप्पा गेले. लिंगायतांत प्रेत डोलीत बसवून नेतात. खांदा देणाऱ्यांत गफूर होता, त्यामुळे डोली एका बाजूनं हातभर वर राहिली आणि अप्पा शेवटच्या वाटेवर सौदा बघायला वाकल्यासारखे तिरके गेले. दस्ती त्यांच्या हातावरच ठेवली होती. वर पोचल्यावर त्यांनी कुणाचा हात धरला असेल याची मला कल्पना आहे. त्यानं नंदी जपून ठेवावा.

माधवच्या दुकानात आता नवीन वाद आहे: पोरासाठी असला बैल द्यायला पाहिजे होता का? बैलवाले जोरात आहेत. त्यांचा पुढारी अर्थात नामदेव. मलाही विचारतात, तू तर रोज त्याला चेंडू उचलून दिलास, तुझं मत सांग. मी हात पुढं करतो आणि म्हणतो, आधी दस्ती आणा.