खांद्याचं माप

गल्लीतल्या शिंपीणबाईला पाठीमागे सगळे कात्री म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिची कात्री कापडावर सरळ रेषेत चालायची, जीभ मात्र आडवीतिडवी कशीही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिनं त्याचं माप घेतलेलं असायचं, कपड्याचं आणि माणसाचंही. "टेप मी नुसती दाखवायला गळ्यात घालते," असं ती म्हणायची. कपड्याच्या बाबतीत ते खरं होतं, हे कबूल करायलाच हवं.

बावीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं तिला एक माप आणून दिलं होतं. "मावसबहिणीसाठी ड्रेस शिव," म्हणाला. तिनं मन लावून शिवला, गळ्याला नाजूक वेलबुट्टी काढली. तो ड्रेस घालून जी बाई नवऱ्याबरोबर गाव सोडून गेली, ती कुणाचीच मावसबहीण नव्हती. नवरा गेला, नवऱ्याची बहीण तेवढी राहिली. ती रोज दुकानात समोर बसून काजं-बटणं करायची. तेव्हापासून बायकांचे कपडे घेऊन येणारा पुरुष शिंपीणबाईला डोळ्यांसमोर नको असायचा.

आणि पोस्टातला नेमका तेच घेऊन आला. पोस्टातला म्हणजे पोस्टात कारकून असलेला, मागच्या इमारतीत नव्यानंच राहायला आलेला पन्नाशीचा माणूस. हातात बायकांचे चार ड्रेस आणि गाठी मारलेली एक सुतळी.

"ही गाठ छातीची, ही कमरेची, ही खांद्याची," तो म्हणाला. "एवढ्या मापात बसवून द्या. पण आतलं कापड कापू नका. नंतर परत सैल करावे लागतील."

"जिचे आहेत तिला पाठवा की. मी बायकांना कपडे बसवते, सुतळीला नाही."

"तिला नाही जमणार यायला."

"का? पाय दुखतात की लाज वाटते?"

तो गप्प राहिला. शिंपीणबाईच्या लेखी गप्प बसणं म्हणजे अर्धा गुन्हा कबूल करणं.

महिन्यानं तो तेच ड्रेस आणि नवी सुतळी घेऊन हजर. तो गेल्यावर तिनं सुतळी टेपला लावली, वहीतली जुनी मापं काढली. छाती दोन इंच कमी, कंबर दोन, खांदा एक.

"बघ," ती नणंदेला म्हणाली, "बाई बदलली."

"वहिनी, एकच बाई बारीक होत असेल."

"तू काजं कर. बाई बारीक होते ती पोटात, दंडात. खांदा हाडाचा असतो. हाड बारीक झालेलं ऐकलंयस कधी? ही दुसरी आहे. बायकोचे कपडे घालतोय एकीएकीला. आणि कापड ठेवायचं कशाला, तर उद्या तिसरी जाडी मिळाली तर!"

तीस वर्षांच्या अनुभवापुढे नणंद काय बोलणार? गल्ली मात्र बोलायला लागली. कुणी पोस्टातल्याच्या खिडकीत एक बाई पाहिली होती, कुणी दोन. दूधवाल्यानं जिन्यात त्याला रस्ता द्यायचं सोडलं. न्हावी त्याचे केस कापताना मुद्दाम आरशातून दुसऱ्या गिऱ्हाइकाला डोळा मारायचा. हे सगळं ऐकून शिंपीणबाईला जेवण गोड लागायचं. बावीस वर्षांपूर्वीचा माणूस हाती लागला नव्हता, हा लागला होता.

तिसऱ्यांदा ड्रेस आले तेव्हा तिनं आतलं कापड कापलं. चारही ड्रेसचं, दोन्ही बाजूंचं, बाह्यांचंही. त्या पट्ट्यांच्या वेण्या घालून, गोल शिवून तिनं एक पायपुसणं केलं आणि दुकानाच्या दारात टाकलं.

"वहिनी, तो कापू नका म्हणाला होता."

"दुकान त्याचं की माझं? येऊ दे, पुसू दे पाय आपल्याच रंगेलपणावर."

पोस्टातला आला. पायपुसण्यावर ठेवायला उचललेला त्याचा पाय तसाच थांबला. निळा, राखाडी, लाल ठिपक्यांचा, पिवळा. तो ते ओलांडून आत आला, ड्रेस उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"मी कापू नका म्हणालो होतो."

"आत गोळा होतो, टोचतं अंगाला. तुमच्या त्या जी कोण असेल तिच्या."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग ड्रेस नीट घडी करून घेतले, पुन्हा पायपुसणं ओलांडलं आणि गेला. परत कधी आला नाही.

"चोराच्या मनात चांदणं," शिंपीणबाई म्हणाली.

पाच महिन्यांनी, एका सकाळी, भिंत धरत धरत एक बाई दुकानात आली. डोक्यावर नुकते उगवलेले बोटभर केस. अंगात निळा ड्रेस, काखेत तटतटलेला, पाठीची वरची बटणं उघडी. नणंदेनं धावत जाऊन दारापाशीच खुर्ची दिली. बाई बसली आणि दम घेत हसली.

"बघा, होत नाही मला! सैल करायला आलेय. पोस्टातले माझे मालक. आज ते कामावर गेल्यावर मी गुपचूप निघाले. मी जाते म्हटलं की नको नको म्हणतात, चाळीस पावलांवर तर दुकान."

शिंपीणबाईनं तिचे खांदे पाहिले. वहीतल्या पहिल्या मापाचे होते.

"मापं कोण घ्यायचं तुमची?"

"हेच. मला उठून बसवत नव्हतं, निजल्या जागीच सुतळी लावायचे. खांदा कुठून धरायचा तेही कळायचं नाही बिचाऱ्यांना." बाईनं शिवण चाचपली. "रोज नीट बसणारा कपडा घालायचा, हा माझाच हट्ट. आणि हे दर महिन्याला सांगायचे, कापड आत तसंच आहे, तू फक्त जेव, आपण परत सैल करू. त्या कापडासाठी मी एकेक घास गिळलाय."

शिंपीणबाईच्या तोंडाशी दोन-तीन सबबी आल्या. कसर लागली, कापड विरलं होतं. समोर नणंद सुई थांबवून तिच्याकडे बघत होती.

"आत कापड नाही," ती म्हणाली. "मी कापलं."

"कशाला?"

ह्याचं उत्तर गल्लीभर झालं होतं, पण आता तिला ते देता येईना. बाईनं मान खाली घातली, आणि तिला आपल्या चपलांखालचा निळा रंग दिसला. मग राखाडी, मग ठिपके. तिनं पाय हळूच उचलून बाजूला, उघड्या फरशीवर ठेवले.

"म्हणून नको म्हणत होते ते," ती म्हणाली.

"मी दुसरं कापड जोडून देते. रंगाला रंग जुळवून, कुणाला कळणार नाही—"

"दुसरं नको. हे उसवा." तिचं हसू गेलं होतं. "मी बसते इथं."

शिंपीणबाईनं पायपुसणं उचललं. पाच महिन्यांची, अख्ख्या गल्लीच्या पायांची माती त्यात बसली होती. ती जमिनीवर बसली आणि नखानं पहिला टाका शोधायला लागली. टाके तिनं फार घट्ट घातले होते. नणंद मदतीला उठली नाही.