कानात बसवलेला आवाज

नव्वदच्या आसपास मी दिवसा ठाण्यात एका कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते आणि लग्नसराईत संध्याकाळी डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. दोन्हीकडे काम आवाजाचंच, पण ऑफिसात माझ्या आवाजाचं कौतुक व्हायचं आणि स्टेजवर बोलणी बसायची. मी सूर सोडून खाली येते, असं आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचं म्हणणं होतं. मालकांना आम्ही काका म्हणायचो. ते सज्जन होते, पण कान तिखट. एकदा कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता त्यांनी मला सरळ सांगून टाकलं, "या सीझनमध्ये जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तू निवेदन कर. बोलतेस छान."

मला राग पटकन येतो, आणि निवेदन या शब्दाने तर तळपायाची आग मस्तकात गेली. झगमगीत साडी नेसून "आता सादर होत आहे" एवढंच म्हणायचं आणि बाजूला सरकून दुसरीचं गाणं ऐकायचं, यापेक्षा घरी बसून तांदूळ निवडलेले काय वाईट? पण रागापेक्षा भीती जास्त होती. गाणं ही माझ्याकडची एकच गोष्ट होती जी मला कुणी दिलेली नव्हती आणि जिच्यावाचून माझं काय होईल हे मला सांगता आलं नसतं.

खरं म्हणजे घरी मी सुरात गायचे. काकांनाही ते मान्य होतं. भानगड व्हायची ती स्टेजवर, कारण तिथे मला मीच ऐकू यायचे नाही. आमची बहुतेक कामं कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या आगरी गावांतली. तिथे हळदीचा कार्यक्रम लग्नापेक्षा मोठा, आणि हळदीला स्पीकरच्या भिंती लागल्या नाहीत तर यजमानाला चारचौघांत कमीपणा वाटायचा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कळावा म्हणून पायाशी एक तिरका स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. आमच्याकडे तो एकच होता आणि ढोलकीवाल्याने तो कायमचा स्वतःकडे ओढून घेतला होता. मी त्या गोंगाटात अंदाजाने गायचे, अंदाज चुकायचा, मग आणखी जोर लावायचे, आणि जोर लावला की आवाज हमखास उतरायचा.

एका दुपारी ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसले असताना कोडं सुटलं. ऑपरेटरच्या एका कानावर हेडफोन असतो आणि त्यात समोरच्याबरोबर आपलाही आवाज बारीकसा ऐकू येतो. म्हणूनच तर मी दिवसभर न ओरडता बोलू शकत होते. त्या दिवशी साहेबांचा कॉल जोडायचा राहिला, कारण मी बोर्डावर बसून हळूच एक आलाप घेऊन पाहत होते. साहेबांनी लाइनवर तो ऐकला आणि ऑपरेटरची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली.

संध्याकाळी मी आमच्या साउंडवाल्याला गाठलं. हा माझ्याहून थोडा मोठा, मितभाषी माणूस. आवाजाच्या मिक्सरमधून गरम सोल्डरचा वास आला की त्याचा चेहरा खुलायचा. म्हटलं, दादा, मला असं काहीतरी कानात घालून दे की फक्त मी ऐकू येईन. त्याने विचारबिचार न करता वॉकमनचा इअरफोन काढला, त्याला लांब वायर जोडली आणि ती मिक्सरच्या हेडफोनच्या भोकात खुपसली. मिक्सरवर माझ्या माईकसाठी एक बटण होतं. ते दाबलं की त्या वायरीत फक्त माझा आवाज यायचा, बाकी कुणी नाही. वायर ब्लाउजच्या पाठीतून वर आणली आणि इअरफोन उजव्या कानात घातला.

मी "सा" लावला आणि मला हसू फुटलं. इतक्या जवळून मी स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. श्वास ऐकू येत होता. ओळ संपताना आवाज कुठे घसरतो, तेही स्पष्ट कळत होतं, आणि कळल्यावर सावरणं काही अवघड नव्हतं. त्या रात्री काकांनी मला काहीच म्हटलं नाही. काका गप्प बसले म्हणजे शाबासकी.

पण त्या इअरफोनला कानात बसायचीच हौस नव्हती. तोंड उघडून वरचा स्वर घेतला की जबडा हलायचा आणि ते बोंड टपकन बाहेर. झुमक्यांत अडकायचं ते वेगळंच. मी चिकटपट्टीने ते कानाला डकवून पाहिलं. एका कार्यक्रमात घामाने पट्टी सुटली, इअरफोन खांद्यावरून लोंबकळू लागला आणि पुढच्या रांगेतली एक पोर आईला विचारू लागली की त्या बाईचा कान सुटला का.

तेव्हा साउंडवाल्याने दुसरा उपाय काढला. ठाण्याला कोपरीत कानाच्या मशीनचं एक दुकान होतं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी तिथे कानाच्या मापाचा साचा करून देत. तसा साचा करून त्यात इअरफोन बसवला तर तो हलणार नाही, आणि दोन्ही कानांचे केले तर बाहेरचा गोंगाट शिरणारच नाही, असं त्याचं म्हणणं. करायचे तर दोन्हीच कर, ताई, एकाने अर्धंच काम होतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा.

आता माझी चलबिचल सुरू झाली. आहे त्यात भागत होतं. चिकटपट्टी थोडी चांगल्या प्रतीची आणली असती तर सीझन निघाला असता. शिवाय आईचा विरोध. तिला गाण्याचं वावडं नव्हतं, तिची अडचण वेगळी होती. मी लग्नाची होते. "त्या दुकानात शिरताना कुणी पाहिलं ना, तर मुलगी बहिरी आहे असंच होईल. मग बस गात," ती म्हणाली. मी दोन दिवस फुरंगटून बसले आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर दुकानात गेले.

दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, कोणाला ऐकू येत नाही? म्हटलं, मला, पण फक्त गाताना. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कपाटातून सामान काढलं. कानात गार गुलाबी लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत स्टेशनाबाजूचा सगळा गलका बंद झाला आणि मला माझं गिळणंसुद्धा ऐकू येऊ लागलं. मी तिथल्या स्टुलावर बसून गुणगुणायला लागले. गृहस्थ हसत होते, ते मला दिसत होतं. दोन्ही कानांचे साचे करायला सांगूनच मी उठले.

आईचं भाकीत मात्र तंतोतंत खरं ठरलं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंनी मला तिथून बाहेर पडताना पाहिलं होतं. पुढच्या रविवारी एक स्थळ बघायला आलं, तर मुलाची आई माझ्याशी प्रत्येक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलायला लागली. तुला, स्वयंपाक, येतो, का. मला आधी कळेना, आणि कळल्यावर मी तितक्याच मोठ्याने, तितक्याच सावकाश उत्तर दिलं. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होती. स्थळ फिसकटलं. मुलगा तसाही मला आवडला नव्हता.

साचे झकास बसले. दोन्ही कान बंद, आत फक्त मी. ऑर्केस्ट्रा कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे वाजल्यासारखा. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत मी अशी गायले की काकांनी कीबोर्डवाल्याकडे पाहून भुवई उंचावली. मला डोळे मिटून गायची सवय लागली. इतकी मजा येत होती की डोळे उघडावेसेच वाटायचे नाहीत.

मग आली ठाकुर्लीच्या पलीकडच्या एका गावातली हळद. आगरी घरात हळदीचे आणि लग्नाचे विधी धवलारीण चालवते. ती धवले, म्हणजे त्या विधींची गाणी, म्हणते, बाकीच्या बायका तिच्या मागून म्हणतात, आणि तिचा मान भटजीहून रेसभरही कमी नसतो. ती म्हणायला उठली की वाद्यं बंद व्हायलाच हवीत. हे काका प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळ्यांना बजावायचे. चालू गाण्यात वाद्यं थांबली की गाणाऱ्याने तिथेच थांबायचं. इतक्या वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं.

मी एका कोळीगीताच्या अंतऱ्यात होते. त्या अंतऱ्याला ढोलकी थांबते आणि नुसता कीबोर्ड हळू वाजत राहतो. तो मला साच्यांमुळे ऐकू यायचा नाहीच. नेमकी तेव्हा धवलारीण उठली. काकांनी हात वर केला, कीबोर्ड थांबला, साउंडवाल्याने सगळे स्पीकर बंद केले. पण माझ्या कानातली वायर त्या बटणावर होती आणि स्पीकर बंद केले तरी तिच्यातला आवाज चालूच राहतो. त्यामुळे माझ्या कानात सगळं यथास्थित होतं. मी डोळे मिटून, अगदी रंगात येऊन, अख्ख्या मंडपासमोर उघड्या आवाजात एकटीच गात होते.

कीबोर्डवाल्याने माझा पदर ओढला तेव्हा डोळे उघडले. सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. समोर धवलारीण उभी, ठसठशीत कुंकवाची, काष्टा घातलेली म्हातारी, हातात हळदीचं ताट. काका तिच्यापुढे हात जोडून काहीतरी बोलत होते. मी कानातले साचे उपटून काढले. निवेदनसुद्धा गेलं, एवढंच डोक्यात आलं. गावातून ऑर्केस्ट्राला परत पाठवलं असतं तरी कुणाला काही म्हणायची सोय नव्हती.

धवलारणीने काकांना हाताने बाजूला केलं आणि मला म्हणाली, "थांबलीस कनाला गो? मना आता कुठं तुजा आवाज आयकाला आला. पुरा कर."

मी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. मग मी माईक खाली ठेवला आणि तो अंतरा पुरा केला. माझं झाल्यावर म्हातारीने मान हलवली आणि धवला सुरू केला. तिलाही माईक नव्हता. तिला तो कधीच लागला नव्हता.

परतताना टेम्पोत काका माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, नशीब म्हातारीला गाणं कळतं. साउंडवाला माझी माफी मागू लागला, तर मीच त्याला गप्प केलं. मला काही दुःख झालंच नव्हतं. उलट खिडकीतून वारा येत होता आणि मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं.

थोड्याच दिवसांत शेजारच्या गावातले दोघे पुढच्या हळदीची सुपारी घेऊन काकांकडे आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की ती स्पीकर बंद करून गाणारी पोरगी आहे ना तुमच्याकडे? काका पापणी न लववता म्हणाले, "आहे की. तो खास आयटम आहे आमचा." निवेदनाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

साच्यांवर खर्च केला तो फुकट गेला का, असं आईने विचारलं. अजिबात नाही. बाकीचा सगळा कार्यक्रम मी ते घालूनच गायचे. धूमधडाक्याच्या गाण्यांत त्यांच्याशिवाय माझा निभाव लागला नसता. फक्त काकांच्या त्या खास आयटमला मी दोन्ही काढून ठेवायचे, साउंडवाला स्पीकर बंद करायचा आणि मी स्टेजच्या कडेला येऊन उभी राहायचे.

त्या नव्या गावात पहिल्यांदा तसं गायले तेव्हा हळदीला बसलेल्या बायकांनी मध्येच धृपद उचललं. आधी चार-दोघींनी, मग सगळ्यांनीच. मंडपाच्या कापडाला लागून त्यांचा आवाज माझ्याकडे येत होता, बांगड्यांसकट. त्यांचा सूर माझ्याहून चांगलाच खाली होता. एक ओळभर मी वर एकटीच राहिले. दोन्ही कान उघडे होते, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मग मी मुद्दाम, अगदी आनंदाने, माझा सूर सोडला आणि त्यांच्यात खाली उतरले.