हळवा भात पिकेपर्यंत

गोकुळ मोखाड्याला पंचायत समितीत कारकून होता आणि ‘सुळका’ नावाच्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. बँडमधले चौघेही जव्हार-मोखाड्याकडचेच. २००१ साली त्यांनी स्वतःचा अल्बम करायचं ठरवलं. ठाण्यातल्या एका स्टुडिओने आषाढातले दिवस दिले. तेव्हा तिथे फारसं कोणी फिरकत नसे.

शेवटचं गाणं गोकुळने बांधलं होतं. त्यात त्याला वडिलांचा तारपा हवा होता. भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं ते लांब वाद्य बाप, माघ्या, श्वास न तोडता फुंकायचा. आपण गिटारवर जे शोधतो आहोत ते गावाकडे, दाभोशाच्या घरात आढ्याला टांगलेलं आहे, असं गोकुळला वाटे.

“आता नाय,” माघ्या म्हणाला. “नवा भात घरात आला, देवाला दाखवला, का मंग तारपा. तवर तो निजलाय.”

“बा, स्टुडिओ आषाढातच मिळालाय.”

“मंग त्याला सांग, आश्विनात ये.”

नियमातून वाट काढायची कारकुनाला सवय असते. गोकुळ वाडा गावच्या बाजारातून उन्हाळी पिकाचा नवा तांदूळ घेऊन आला. माघ्याने मूठभर हातात घेतला, हुंगला.

“चांगला हाय. कुणाच्या शेतातला?”

“वाड्याकडचा.”

“तर तिकडच्याच देवाला दाखव. तोच वाजवील तुला.”

चुलीपाशी आई, हिराबाई, तोंडाला पदर लावून हसत राहिली. संध्याकाळी तिने त्याच तांदळाचा भात केला. गोकुळ मुकाट्याने जेवला.

स्टुडिओत बाकीची गाणी झाली. शेवटच्याला गिटार वाजवणाऱ्या उमेशने कीबोर्डवर तारप्यासारखा आवाज शोधून काढला. आवाज चांगला होता. अडचण तीच होती. त्यात कुठे थुंकी नव्हती, छाती नव्हती, म्हाताऱ्या माणसाचं थांबणं नव्हतं.

“ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही,” उमेश म्हणाला.

“म्हणूनच नको.”

“मग भात पिकेपर्यंत अल्बम अडवायचा? रॉक बँड आहे की कृषी खातं?”

“अडवायचा. नाहीतर माझं गाणं काढून टाका. मलाही काढा.”

परतीच्या एसटीत चौघे चार बाकांवर बसले. पाऊस काचेवर आपटत होता. विक्रमगड मागे पडलं. बँड इथेच संपला, असं गोकुळने मनाशी मान्य करून टाकलं, आणि मान्य केल्यावर त्याला जास्तच एकटं वाटलं.

जव्हारला उतरताना उमेशने विचारलं, “तुझ्या बाने हळवा भात लावलाय का? तो लवकर होतो ना?”

“एक तुकडा लावलाय.”

“मग तेवढ्यापुरतं थांबू.”

भादव्यात उमेश जीपने दाभोशाला आला आणि बांधावर उभा राहून लोंब्या दाबून पाहू लागला.

“अजून दूध हाय,” माघ्या म्हणाला. “कवळा हाय, तुज्या मिशीगत.”

आश्विन लागला. हळवा कापला, झोडला, नवा भात देवापुढे ठेवला. माघ्याने तारपा खाली काढला, सांध्यांना मेण लावलं आणि मुलासोबत ठाण्याची एसटी धरली.

स्टुडिओत त्याने आधी एसी बंद करायला लावला; मेण आखडतं म्हणाला. हेडफोन हातात घेऊन परत दिला. “कान बुजवलं तर फुंकू कसा?” मग गाणं स्पीकरवर लावलं, आणि डोळे मिटून त्याने गाल फुगवले.

गाणं संपलं तरी माघ्या थांबला नाही. गावात नाचणारे दमले की वाजवणारा थांबतो. इथे दमायला कोणी नव्हतं. स्टुडिओवाल्याने बंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात गोकुळ बेस घेऊन आत गेला आणि भिंतीला टेकून बापाच्या श्वासाखाली एक सूर धरून राहिला. उमेशने पायातल्या चपला दाराशी काढल्या आणि गिटार घेऊन गोकुळच्या शेजारी उभा राहिला. स्टुडिओवाल्याने हात मागे घेतला. टेप फिरत राहिली.