उतारावरची गाडी

"मिळेल हो, जाते कुठे!"

बॉनेटखाली डोकं घालून काका असं म्हणायचे आणि उजव्या हाताचं एक बोट वर उभं करायचे. म्हणजे आम्ही गप्प राहायचं. बोट खाली आलं की निदान जाहीर व्हायचं, "हवा घेतेय. कुठून तरी हवा घेतेय." असं बोट तुमच्याही गल्लीत तुम्ही पाहिलं असेल.

मी भोपाळमध्ये, कारखान्याच्या टाउनशिपलगत वाढलो. वडील ठेक्यावर माल चढवायचे, आई चार क्वार्टरांत पोळ्या लाटायची. आमच्या घरात चाकं असलेली वस्तू एकच, वडिलांची सायकल. आई एकदा तापाने फणफणली तेव्हा वडिलांनी तिला कॅरिअरवर बसवलं, लुगड्याने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दवाखान्यात नेलं. ती पडू नये म्हणून मी मागून धावत होतो. पुढे वडील कायम झाले, क्वार्टर मिळालं आणि मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे सांगायची संधी मी सोडत नाही. टाउनशिपच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तसे शेजारचे काका मला 'प्रोफेसर' म्हणायला लागले.

काका मूळचे नागपूरचे. कारखान्यात फोरमन, निवृत्तीला आलेले. ड्युटीवर कंपनीच्या बसने जायचे. जुनी डिझेल गाडी घेतली ती काकूंसाठी. काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा टी. टी. नगरकडच्या हॉस्पिटलात डायलिसिस. जाताना त्या बोलायच्या, रस्त्यावरचे भाज्यांचे ठेले बघायच्या. येताना मात्र मान धरायचंही त्राण नसायचं, टेम्पोचे धक्के तर सोसतच नसत.

"सुया टोचा, काय करायचं ते करा," त्या म्हणायच्या. "फक्त सुटले की घरी न्या. बाहेर ताटकळत ठेवू नका."

आणि गाडी नेमकं तेच करायची. घरी पहिल्या सेल्फला सुरू. हॉस्पिटलबाहेर डायलिसिस होईपर्यंत उभी राहिली की नुसती घरघर. काका उतरायचे, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचे आणि पंपाची चिमुकली दांडी हाताने मारत बसायचे. स्क्रूतून आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. तेव्हा कुठे इंजिन धरायचं. तोवर काकू मागच्या सीटवर, काचेला डोकं टेकून. सुट्टीच्या दिवशी मी सोबत असायचो. वर्तमानपत्राने त्यांना वारा घालायचा, एवढंच माझं विज्ञान.

"साहब, रास्ता जाम हो रहा है. बेच क्यों नहीं देते इसको?" गार्ड खेकसायचा.

"आप खरीदोगे?" काका दांडी न थांबवता विचारायचे.

गल्लीत ज्याचं त्याचं निदान वेगळं. बॅटरी बदलली. फिल्टर बदलला. पंप उघडून नवे वॉशर घातले. मेकॅनिकने तासभर ठेवून घेतली, पुन्हा पुन्हा सुरू केली आणि म्हणाला, "अंकल, गाडी फर्स्ट क्लास है. टेन्शन में आप हो." मी सांगितलं, उन्हाने डिझेल तापत असेल. मग गाडी सावलीत लावली. सावलीतही बंद.

"प्रोफेसर, तुमचं विज्ञान पण हवा घेतंय," काका म्हणाले.

त्यांची खरी पंचाईत अशी होती. हवा शिरते हे त्यांना कळलं होतं. कुठून शिरते, ते बघायला टाकीपासून इंजिनापर्यंत सगळी नळी तपासायला हवी होती. तेवढा वेळ हॉस्पिटलबाहेर नसायचा, कारण मागे काकू. आणि घरी सवडच सवड, तर गाडीला काही झालेलंच नसायचं. रविवारी ते गाडीखाली आडवे व्हायचे. "बोल ना आता!" असं तिला विनवताना मी ऐकलंय.

"तिला हॉस्पिटल आवडत नाही," काकू पायरीवर बसून म्हणायच्या. "मला तरी कुठे आवडतं."

त्यांचे रिपोर्ट बिघडत चालले होते. काका त्यांनाही म्हणायचे, "मिळेल हो, जाते कुठे!" पण तेव्हा बोट वर जायचं नाही.

हिवाळ्यात समोरच्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्या गल्लीला चांगला उतार होता. काकांची गाडी कायम वरच्या टोकाला, तोंड खाली करून उभी. डिझेल गाडी उतारावरच लावायची, सेल्फने दगा दिला तर ढकलून सुरू होते, हा त्यांचा नियम. त्या जागेवर मांडव पडला. संध्याकाळी बाहेरून आल्यावर काकांनी कुरकुरत गाडी खालच्या टोकालाच, वळवायला जागा नाही म्हणून चढाकडे तोंड करून लावली.

सकाळी दूधवाल्याच्या वेळेला ओरडा ऐकू आला. "प्रोफेसर! बंद पडली! घरी बंद पडली!"

काका बनियनवर मफलर गुंडाळून अक्षरशः नाचत होते. लग्नाचे पाहुणे तोंडात ब्रश धरून बघत उभे.

"अंकल, गाडी बंद है तो इतने खुश काहे को हो?" एकाने विचारलं.

काकू शाल ओढून बाहेर आल्या. चढावर उभ्या गाडीकडे बघत म्हणाल्या, "अहो, हॉस्पिटलात पण ती अशीच नाक वर करून उभी असते ना?"

बोट वर गेलं. आम्ही सगळे, पाहुण्यांसकट, गप्प.

गाडीचं तोंड खाली असलं की मागची टाकी वर आणि इंजिन खाली, त्यामुळे डिझेल इंजिनाकडेच झुकलेलं. तोंड वर केलं की तेच डिझेल तासा-दोन तासांत हळूहळू टाकीकडे परत जायचं आणि त्याच्या जागी हवा. काका ज्या सवयीने गाडीला जपत होते, तीच तिचं दुखणं झाकत होती.

त्या दिवशी काकूंना न्यायचं नव्हतं. मी गवंड्याकडून लेव्हल बघायची पारदर्शक नळी आणली. काकांनी तिचा तुकडा पंपाच्या अलीकडे जोडला आणि दांडी मारली. डिझेलमधून साखरेच्या दाण्यांएवढे बुडबुडे सरकत गेले. तोच तुकडा एक जोड मागे, टाकीच्या बाजूला लावला, तर एकही बुडबुडा नाही. मधे होती वीतभर रबरी नळी, दिसायला धडधाकट. काकांनी ती वाकवली तेव्हा केसाएवढी चीर उघडली. घरी गाडीखाली रोज एक ओला डाग पडायचा तो हिचाच. जुन्या गाडीचा डाग म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"ही बघा महाराणी!" काकांनी ती नळी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, आणि इतकं मनापासून हसल्या की त्यांना धाप लागली.

काकू उन्हाळा संपेपर्यंत राहिल्या नाहीत. शेवटी शेवटी डॉक्टर बोलायचे आणि काका नुसते ऐकत राहायचे. एकदा मीच, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हणालो, "मिळेल हो काका."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रोफेसर, ती रबराची नळी होती."

निवृत्तीनंतर ते गाडी स्वतः चालवत नागपूरला भावाकडे गेले. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. गल्लीच्या वरच्या टोकाचा तेलाचा डाग बराच काळ दिसायचा. आता तिथे स्कूटरी उभ्या असतात.

पण नळी बदलल्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत काकूंना हॉस्पिटलबाहेर एकदाही ताटकळावं लागलं नाही.