ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे

बारावीनंतर वर्षभर मी तळेगावच्या एका दवाखान्यात मदतनीस होते. रुग्णांना उठवायचं, धरून चालवायचं, शेकाच्या पिशव्या द्यायच्या. त्याच वर्षात पुढचा कोर्स ठरवायचा होता: फिजिओथेरपी असिस्टंट की ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट. पहिला सगळ्यांना कळायचा. दुसऱ्याचं नाव काढलं की वडील म्हणायचे, "ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ना? रक्त बघून चक्कर येते तुला." ओटी म्हणजे आजाराने अडलेली रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. आंबी गावच्या कंपनीतल्या त्यांच्या सोबत्यांनाही त्यांनी ऑपरेशन थिएटरच सांगून ठेवलं होतं.

खरं तर मीही फिजिओच घेणार होते. खाटेवरचा माणूस चालायला लागला की सगळ्यांना दिसतं. मग तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतली एक मावशी आली. लकव्याने उजवी बाजू गेलेली. फिजिओच्या सरांनी आणि मी तिला दीड महिन्यात काठीवर चालती केली. महिन्याने ती तपासणीला आली.

"चालताय ना मावशी?"

"चालते की. पर चालून करू काय? लुगडं सून नेसवती. भाकर थापाया येत न्हाई. लय लाज वाटती गं."

तिला ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमकडे कुणी पाठवलंच नव्हतं. मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या, जिन्याखालच्या टेबलाशी बसायच्या. मी मावशीला तिथे नेलं. मॅडमनी परातीखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे ती सरकायची नाही, आणि एकट्या डाव्या हाताने पीठ मळायला लावलं. पहिली भाकरी फुटली तेव्हा मावशी रडली. तिसऱ्या खेपेला जमली. एका कडेला जाड, पण अख्खी. आता लुगडं शिकवायचं होतं. ती परत आलीच नाही. फोन केला तर मुलगा म्हणाला, "चालती ना आता? मग कशाला येवढ्या लांब?"

त्या दिवशी मी ओटीच घ्यायचं ठरवलं. घरी आठवडाभर अबोला झाला. प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने मला न विचारताच अर्जावर फिजिओ लिहिलं. मी खोडायला लावलं तर म्हणाला, "त्या कोर्सला पाचसुद्धा मुलं नाहीत. तुकडी रद्द झाली तर रडत येऊ नका." रद्द झालीच. मी वर्ष थांबले, पुढच्या साली तुकडी सुरू झाली तेव्हा प्रवेश घेतला, शिकले, पास झाले.

आता लोणावळ्यातल्या एका केंद्रात आहे. भरती केलं ऑक्युपेशनल थेरपीसाठी, पण दिवसभर दुखऱ्या गुडघ्यांना विजेच्या शेकाच्या मशीनचे पॅड लावते. परवा रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका आबांना शर्टाची बटणं लावायला शिकवत होते. मॅनेजर येऊन म्हणाले, "मॅडम, मशीन रिकामं आहे. बटणं काय, घरी कुणीही लावेल."

"तेच तर नकोय त्यांना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. आबा मान खाली घालून चौथ्या बटणाशी झटत राहिले. मॅनेजर घड्याळाकडे बघत उभे होते. मी पॅड लावायला गेले नाही. दुपारी मला लेखी समज मिळाली.